गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला दोन दिवसांचा झाडं-ओळख वॉक, आईसोबत केलेला (डिसेंबरचा अनुभव)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज रविवारी जरा वेळ मिळाला. डिसेंबरमधे मी आणि आई केरीच्या बाजूला, अंजुणे धरणाच्या वरच्या अंगाला एका घरगुती होमस्टेवाल्यांचा झाडं ओळखायचा वॉक करून आलो. शनिवार सकाळ ते रविवार दुपार, माणशी २२०० रुपये, त्यात एक रात्र राहणं आणि सगळं खाणं आलं. नाव लिहीत नाही कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगून आलेय.

आधी मी का गेले ते सांगते. माझं कामानिमित्त महिन्यातून एकदा बेळगावला जाणं होतं, चोर्ला घाटातून. दरवेळी गाडीतून ते रान बघते, पावसात हिरवं, जानेवारीत तांबूस, मार्चमधे अर्धं बोडकं, आणि मला त्यातली आंबा, फणस, माड, साग सोडून पाच झाडं पण सांगता यायची नाहीत. हे मला खरंच लागायचं. आपण इथेच जन्मलो, फोंड्यात वाढलो, आणि तास दीड तासावरच्या सह्याद्रीतलं झाड आपल्याला नावानं माहीत नाही. मग फोनवर झाड ओळखायचं एक अ‍ॅप घेतलं, दोन वर्षं वापरलं, पैसे भरून. त्याबद्दल पुढे बोलते.

वॉक नेणारे काका साठीच्या आसपासचे, त्याच गावचे, शेतकरी. बोलणं अर्धं कोकणी अर्धं मराठी, सत्तरीत असतं तसं. पहिल्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मला वाटलं आता चालायला लागू, तर ते अंगणात बसले आणि समोर एक सूप ठेवलं, त्यात पातेरा. म्हणजे खाली पडलेली पानं, फळं, सालीचे तुकडे, वाळक्या शेंगा. म्हणाले पहिला पाऊण तास इथेच. आणि फोन पिशवीत. मला आधी वाटलं कशाला वेळ घालवतायत, पण दोन दिवसांतलं सगळ्यात कामाचं तेच निघालं.

त्यांची पद्धत अशी की नाव शेवटी. आधी पान फांदीला कसं बसलंय ते बघायचं, समोरासमोर जोडीनं की एकाआड एक. मग हे एक पान आहे की एका पानाचे तुकडे आहेत, ते कसं कळणार तर देठाच्या बगलेत डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची बारीक गाठ, आहे का बघायचा, जिथे डोळा तिथे पान सुरू होतं, पुढच्या बारक्या पानांच्या बगलेत डोळा नसतो, म्हणजे ती सगळी मिळून एकच पान. शाळेत हे चित्र काढून मार्क मिळवलेले, पण हातात फांदी धरून कधी बघितलंच नव्हतं. त्यानंतर देठ मोडून चीक येतो का, आला तर कसल्या रंगाचा. मग चुरगळून वास. मग साल. आणि फूल? फुलाचं त्यांनी नावच घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाले फूल वर्षात पंधरा-वीस दिवस असतं, बाकीचे दिवस काय झाडाला ओळख दाखवायची नाही? पान न्हय तर साल, साल न्हय तर खाली पडलेलं फळ, कायतरी असतंच.

आणि खरंच, घाटाखालच्या त्या रानातली चार मोठी झाडं आम्ही मान वर न करता शिकलो. माट्टी, म्हणजे आपण पुस्तकी मराठीत ऐन म्हणतो तो, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली, जाड, काळपट. एकदा बघितली की रात्री टॉर्चमधे पण ओळखाल. गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून कितीतरी ठिकाणी याचंच नाव छापलेलं असतं, आणि मी एकदा पण थांबून त्याला हात लावला नव्हता. पान उलटं केलं की देठाजवळ मधल्या शिरेवर दोन बारीक गाठी, फळाला पाच रुंद पंख, लाकडी कंदिलासारखं. त्याच्याच घरातला किंदळ, काही जण किंजळ म्हणतात, पण त्याची साल तशी तडकत नाही, आणि फळ एकदम बारीक, एकच पंख मोठा, आणि घोसच्या घोस तांबडे. डिसेंबरात घाटातून जाताना जी झाडं वरून गंजल्यासारखी दिसतात ना, मी इतकी वर्षं समजत होते की ती पानं वाळलीयत. ती पानं नाहीत, ती किंदळाची फळं. हे कळल्यावर मला खरंच गप्प व्हायला झालं, इतक्या वेळा बघितलेली गोष्ट मी चुकीची बघत होते.

तिसरा नाणा, तिथे नाणो म्हणतात. गुळगुळीत फिकट खोड, पापुद्रे सुटून गळतात, लांबून पेरूचं मोठं झाड वाटतं. चौथा जांभो, याचा आणि जांभळाचा काही संबंध नाही हे लक्षात ठेवा, मी आणि अजून दोघी तिथेच घोळ घालत होतो. याच्या पानाच्या देठाला पुढे दोन फाटे फुटतात, बेचकीसारखे, आणि प्रत्येक फाट्यावर पानांच्या जोड्या, ते बघितलं की संपलं. शेंग लाकडासारखी कडक, चपटी, वाकडी, उन्हात तडकून फुटते आणि बिया लांब उडतात. आईनं एक उचलून पिशवीत टाकली, ती अजून आमच्या टीव्हीच्या कपाटावर आहे.

आता कुड्याचं. हे जरा लांबेल पण मला यातच सगळ्यात जास्त मजा आली. आमच्याकडे कुड्याच्या शेंगांची भाजी होते, आई ती करते, तिच्या आईकडे सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, पावसाच्या सुरुवातीला व्हायचीच. तर आईचं म्हणणं कुडा म्हणजे कुडा, मला काय शिकवता. काकांनी तिला तीन फांद्या आणून दिल्या आणि म्हणाले, वयनी, यातला तुमचा कुडा कुठला?

तिन्हीची पानं समोरासमोर, तिन्ही मोडल्या की पांढरा चीक. आईनं दोन मिनिटं तिन्ही हातात फिरवल्या आणि एक वेगळी काढली, बरोबर. पण का ते तिला सांगता येईना, म्हणाली हाताला कळतं. मग काकांनी शेंगांवरून उलगडून सांगितलं. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा लांब बारीक, जोडीनं लोंबतात, पण दोन्ही सुट्ट्या, एकमेकींना कुठे चिकटलेल्या नाहीत. काळ्या कुड्याच्या पण जोडीनंच, पण खाली टोकाला दोघी जुळलेल्या, चिमट्यासारख्या, वाळून फुटेपर्यंत टोक सोडत नाहीत. आणि तिसरा नागलकुडा, त्याची शेंग लांब नाहीच, आखूड, फुगीर, होडीसारखी वाकलेली, पिकली की नारिंगी. हा नागलकुडा फक्त आपल्या पश्चिम घाटात आणि त्याच्या पायथ्यालाच होतो, जगात दुसरीकडे आपोआप उगवत नाही. फुलं असती तर ओळखणं अजून सोपं, काळ्या कुड्याच्या फुलात मधे झालर असते, नागलकुड्याच्या पाकळ्या भिंगरीसारख्या पिळलेल्या, आपल्या तगरीसारख्या. पण डिसेंबरात शेंगा होत्या तेवढ्या पुरल्या.

घरी आल्यावर आमच्या मागच्या कुंपणातलं झाड मी सगळ्यात आधी बघितलं, जे लहानपणापासून कुडा म्हणून माहीत होतं. शेंगा टोकाला जुळलेल्या. काळा कुडा निघाला. आई म्हणाली म्हणूनच मी याची भाजी कधी केली नाही. म्हणजे तिला माहीत होतं, फक्त त्याला वेगळं नाव आहे हे माहीत नव्हतं.

आता अ‍ॅपचं. दुपारी पायवाटेवर एक देखणं झाड दिसलं, पानं लांब, गर्द हिरवी, फांदीच्या टोकाला झुपक्यानं, मी काकांच्या नकळत फोन काढून फोटो घेतला आणि अ‍ॅपनं सांगितलं आंबा. मला पण आंबाच वाटला खरं तर, रानातला आंबा असेल म्हणून पान तोडायला हात घातला तोच काका मागून मोठ्यानं ओरडले, "बाय, हात लावूं नाका, तो बिबो!" तो रानबिबो होता. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, सुजतं, काही जणांना तर आठवडा आठवडा त्रास होतो. आंब्याच्याच कुळातला आहे, त्यामुळे पान तसं दिसणं साहजिक, अ‍ॅपनं अगदीच भलतं सांगितलं असं नाही, पण नुसत्या पानाच्या फोटोवरून जेवढं कळतं तेवढंच त्याला कळलं. काकांनी मग लांबूनच दाखवलं, खोडावर जिथे जिथे चीक ओघळलाय तिथे डांबरासारखे काळे डाग. आणि देठ नीट बघितला तर त्यावर दोन बारीक काट्यासारखी टोकं, आंब्याच्या देठाला ती कधीच नसतात. फोटोत ती टोकं आलीच नव्हती.

म्हणून ज्यांना वाटतं की अ‍ॅप आहे, वॉकवर पैसे कशाला, त्यांना मी मनापासून सांगते की आपल्या घाटातल्या झाडांसाठी अ‍ॅपच्या भरवशावर पान तोडू नका आणि फळ तर अजिबात तोंडात घालू नका. काजऱ्याचं फळ पण बघितलं आम्ही, गोल, नारिंगी, संत्र्यासारखं गोजिरवाणं, आणि आतल्या बिया जहाल विषारी. त्याची ओळख पानाच्या शिरा, बुडाजवळूनच तीन ते पाच ठळक शिरा निघून टोकाकडे जातात, पानं समोरासमोर, चकचकीत. लहान मुलं बरोबर असतील तर हे झाड पहिलं शिकवा.

फोनचा उपयोग नाही असं नाही. मी नंतर घरी येऊन माझ्या चौदा झाडांचे फोटो आयनॅचरलिस्ट नावाच्या झाडं-प्राणी ओळखायच्या साइटवर टाकले, तिथे खरी माणसं बघून सांगतात, आणि दोन-तृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं एकमत झाल्याशिवाय नाव पक्कं धरत नाहीत. पण त्यासाठी फोटो काढायची सवय बदलावी लागली. नुसतं छान पान नको, पानाची मागची बाजू, देठ फांदीला मिळतो ती जागा, साल, खाली पडलेलं फळ, सगळं वेगवेगळं. काकांचं सूप आठवून मी आता तसेच पाच फोटो काढते. चौदातली अकरा झाडं पक्की झाली.

झुडपांकडे बहुतेक वॉकवाले बघतच नाहीत, ह्यांनी बघितलं हे मला फार आवडलं. कारवी दाखवली, ती आठ वर्षांतून एकदा सगळी मिळून फुलते, आम्ही गेलो तेव्हा नुसत्या काठ्या आणि खरबरीत दातेरी पानं, पण त्याच काठ्यांचे कूड विणून वर शेणमाती लिंपून भिंती करायचे हे काकांनी स्वतःच्या जुन्या गोठ्याची भिंत दाखवून सांगितलं, शेणमाती गळून पडलेल्या जागी आतली कारवी दिसत होती. पिटकोळी सगळ्यांना माहीत असते, देवळात वाहतात ती लाल फुलांची, पण तिच्या दोन पानांच्या मधे, देठांच्या बुडाशी, एक बारीक टोकदार पापुद्रा असतो तो कुणी बघितलेला नसतो. तो दिसला आणि पानं समोरासमोर असली की कॉफीच्या कुळातलं झाड समजायचं. गेळ पण त्यातलाच, पांढऱ्या पानाचा शेरवड पण त्यातलाच. ही एक खूण मिळाली आणि मला एकदम पाच-सहा झुडपं ओळखता यायला लागली. खरवतीचं पान हातात दिलं तर आई लगेच म्हणाली, ह्यानं आम्ही पाट घासायचो, पॉलिश पेपरसारखं. वडा-उंबराच्या कुळातली आहे ती, कोवळ्या फांदीवर प्रत्येक पानाजवळ पूर्ण गोल कडं असतं, अंगठी घातल्यासारखं. वड, पिंपळ, रुमड म्हणजे उंबर, सगळ्यांना ते कडं आहे, घराजवळच्या पिंपळावर बघा.

एक गोष्ट मात्र आईला लागली. देवळाजवळून जाताना चाफा होता, जुना, वाकलेला, बुडाशी समई ठेवायची जागा. कुणीतरी विचारलं हा इथला का, आणि काकांनी सांगितलं की नाही, हा अमेरिकेकडून आलेला. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आला हे गोव्यात सगळ्यांना माहीत असतं, पण देवचाफा! आई थोडा वेळ काही बोलली नाही. काकांनी वाद घातला नाही, म्हणाले देवानं त्याला घेतला तर आपण कोण, पण रानात तो आपोआप उगवत नाही, लावावा लागतो, एवढा फरक लक्षात ठेवायचा. मला हे उत्तर बरोबर वाटलं. परकं झाड वाईट असं नाही, पण काय इथलं आणि काय नाही हे माहीत तर असावं. उलट रानमोडी आणि घाणेरी, ही दोन्ही झुडपं लोक रानातली म्हणूनच धरतात, ती परकी आणि ती पसरली की खाली आपली रोपं उठत नाहीत. रस्त्याकडेला जी ओळीनं लावलेली अकेशियाची झाडं दिसतात ती ऑस्ट्रेलियाची. त्या अकेशियांखाली आम्ही मुद्दाम थांबलो. जाड पातेरा, आणि त्यातून वर आलेलं जवळजवळ काही नाही. दहा पावलांवर किंदळाखाली करवंद, चुन्नां, गेळ, वेली, पाय ठेवायला जागा नाही. हा फरक मी कुठल्या पुस्तकात वाचला असता तर विसरले असते.

रात्रीचं जेवण साधं, उकडा तांदूळ, खतखतं, सोलकढी. अंगणात बसून काकांनी २०२३ च्या मार्चमधल्या म्हादई अभयारण्यातल्या आगींबद्दल सांगितलं. ते आणि गावातली पोरं हिरव्या फांद्या घेऊन विझवायला गेलेली. ऐनासारखी जाड सालीची झाडं अशा आगीतून उभी राहतात, पण वरच्या सदाहरित रानातल्या पातळ सालीच्या झाडांना आगीची सवयच नाही. साल बघायची ती फक्त ओळखायला नाही, झाड काय सोसू शकतं ते पण तिथेच लिहिलेलं असतं, हे तेव्हा कळलं.

रविवारी गाडीनं बांबरच्या निरंकाराच्या रायीत गेलो. आपल्याकडे देवराईला रायच म्हणतात. कडेला चपला काढायला लावल्या. ही राय म्हणजे रानजायफळाच्या झाडांची दलदल, अशी दलदल पश्चिम घाटात फारच थोड्या ठिकाणी उरलीय. खाली कायम ओला चिखल, वरून वाहणारं बारीक पाणी, आणि चिखलातून गुडघे दुमडल्यासारखी मुळं वर आलेली, शेकड्यांनी. मुळांना चिखलात हवा मिळत नाही म्हणून ती अशी वर डोकं काढून श्वास घेतात. काही झाडांना बुंध्यापासूनच टेकूसारखी मुळं फुटलेली. इथे काकांनी काहीच शिकवलं नाही, वीस मिनिटं कुणी बोलू नका म्हणाले. देवाची भीती नसती तर हे कधीच शेत झालं असतं, एवढंच एक वाक्य निघताना. मला वाटतं ह्या वीस मिनिटांसाठी सुद्धा लोकांनी जावं, पण जावं ते त्याच गावच्या माणसाबरोबर, आपलं आपण घुसू नये, मुळांवर पाय पडतो.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, माकडतापाबद्दल बुकिंग करताना एक शब्द सांगितला नाही. सत्तरीत २०१५ पासून ह्या तापाचे रुग्ण सापडलेत, तो गोचिडींमुळे पसरतो आणि डिसेंबरपासून पुढे उन्हाळ्यापर्यंतच त्याचा जोर असतो. काकांनी स्वतःहून सकाळी सगळ्यांना हातापायाला लावायचं तेल दिलं, पँट मोज्यात खोचायला लावली, पातेऱ्यात बसू दिलं नाही, परत आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे वेगळे. म्हणजे काळजी घेतली, पण आधी कळवलं असतं तर आम्ही पूर्ण बाह्यांचे कपडे घेऊन गेलो असतो. दोन मुली तर तीन-चतुर्थांश पँट घालून आलेल्या. हे फोनवरच सांगायला हवं, लोक घाबरतील म्हणून लपवायची ही गोष्ट नाही.

दुसरी, माणसं जास्त होती. बारा म्हणून सांगितलेलं, निघाली एकोणीस. अरुंद पायवाटेवर मागच्या सात जणांना काका काय दाखवतायत ते दिसतच नाही, आणि ह्या कामात दिसणं हेच सगळं. मी आणि आई पुढे होतो म्हणून आमचं निभावलं. आईसारख्या ६७ वर्षांच्या माणसाला चालायला वाट सोपी होती, चढ फक्त एका ठिकाणी, पण बसायला म्हणून कुठे सोय नाही, घडीचं स्टूल नेलं तर बरं.

तिसरी, छापील कागद. शेवटी हातात चार पानांची यादी दिली, गुळगुळीत रंगीत, कुठूनतरी उतरवलेली, त्यात नुसती इंग्रजी आणि शास्त्रीय नावं. दोन दिवस जो माणूस माट्टी, नाणो, किंदळ, जांभो म्हणून शिकवतो त्याच्या कागदावर ती नावंच नाहीत! शास्त्रीय नाव हवंच, नाहीतर कुडा म्हणजे कुठला कुडा हा घोळ मिटणार नाही, आमच्याच घरात तो होता. पण इथलं नाव नसेल तर घरी जाऊन आईला, आजीला विचारायचं काय.

कारण खरी कमाई तिथेच झाली. शनिवारी संध्याकाळी परत येताना एका झाडावर चढलेली वेल दिसली, पिवळी फळं तीन फाकांनी फुटलेली, आत लालभडक बी. सगळे बघत होते, कुणाला कळेना, आणि आई पुढे जाऊन म्हणाली ही तर कांगलां. माटोळीतली कांगलां! चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे रानातल्या फळा-पानांचं छत, बांधतो त्यात कांगल्यांचे घोस लागतातच, पुस्तकात मालकांगोणी. आई चाळीस वर्षं फोंड्याच्या माटोळी बाजारातून ते हिरवे घोस विकत आणतेय, पण वेल कशी असते, कुठे चढते, पिकल्यावर आत असं लाल निघतं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांनी वेल बघितलेली पण नाव माहीत नव्हतं. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. नंतर काका आणि ती दोघंच बोलत बसले, फागलां कुठल्या बाजूला मिळतात, ओटंबाची सोलां कशी सुकवायची, तोरिंग आता का मिळत नाही, भेरल्या माडाची पानं मांडवाला लावायचे ते झाड आता कुणी का लावत नाही. मी नुसतं ऐकत होते आणि फोनवर लिहून घेत होते. म्हणून माझा सल्ला असा की एकटं किंवा मित्रमैत्रिणींबरोबर जाण्यापेक्षा घरातलं एक मोठं माणूस घेऊन जा, दोन्ही बाजूंना काहीतरी मिळतं.

कधी जायचं म्हणाल तर पहिल्या वेळेला डिसेंबर-जानेवारी चांगला, फळं-शेंगा खाली पडलेल्या असतात, वाट कोरडी, जळवा नाहीत. आम्ही परत फेब्रुवारीच्या शेवटी जाणार आहोत, तेव्हा सुरंगीला कळ्या धरायला लागतात, थेट जुन्या फांद्यांवर, आणि कड्यावरची अंजनी जांभळी-निळी होते. काकांनी सांगितलंय की सुरंगीखाली पहाटे जायचं, चादर घेऊन.

कागदाबद्दल मी बोलले तेव्हा होमस्टेवाल्यांच्या मुलीनं लिहून घेतलं आणि बघते म्हणाली, मला वाटलं तेवढ्यावरच राहील. पण आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नवी यादी आली, हातानं लिहून फोटो काढलेली. पहिल्या रकान्यात काकांचं नाव, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात शास्त्रीय, आणि कडेला बारीक अक्षरात काय करतात ते. कुड्याच्या पुढे तीन वेगळ्या ओळी. खरवतीच्या पुढे लिहिलंय "पाट घासायला, फोंड्याच्या वयनींनी सांगितलं". आईनं ती यादी माझ्याकडून प्रिंट करून घेतली आणि त्याखाली पेनानं अजून सहा नावं लिहिलीयत, त्यातल्या दोन झाडांना आता काकांना विचारल्याशिवाय मराठी किंवा शास्त्रीय नाव मिळणार नाही.